मावळता उजेड आणि स्लो टेलीझूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७०-३००, १००-४००, १५०-६०० (फोकल लेंग्थचे हे आकडे मिमीतले) अशा टेलीझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्स वापरणाऱ्या सगळ्यांचं रडगाणं एकच. दिवसभर लेन्स शहाण्यासारखी वागते. मग कातरवेळी पाखरं परतू लागतात, प्राणी आडोशातून बाहेर येतात, आकाश रंग बदलतं आणि नेमका तेव्हाच शटर स्पीड (शटर उघडून मिटण्याचा वेग) कोसळतो. त्याबद्दल पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझ्या हाताला पडलेल्या सवयींतून आली आहेत, तेव्हा काही ठिकाणी तुमचं मत वेगळं असू शकेल.

स्लो लेन्स म्हणजे फोकस हळू करणारी लेन्स का?

नाही. फोकसच्या वेगाशी या शब्दाचा संबंध नाही. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक) फार मोठं उघडत नाही, त्यामुळे पुरेसा उजेड आत यायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणून ती स्लो. एफ/२.८ ला फास्ट म्हणतात. लांबच्या टोकाला एफ/५.६, ६.३ किंवा ७.१ वर अडणाऱ्या झूमला स्लो म्हणतात.

एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले लेन्समधून उजेड जाण्याच्या वाटेचा व्यास. ४०० मिमीला एफ/५.६ हवं असेल तर ही वाट साधारण ७१ मिमी रुंद लागते, एफ/२.८ हवं असेल तर १४३ मिमी. पुढची काच निदान तेवढी मोठी, त्यामागच्या काचा त्याच मापाने जाड, आणि हे सगळं पेलणारी नळी. फास्ट टेली लेन्स जड आणि महाग का असतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ असती तर संध्याकाळी नेमका किती फरक पडला असता?

कागदावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण संध्याकाळचा हिशेब मी स्टॉपमध्ये करत नाही, मिनिटांत करते. निरभ्र आकाशाखाली सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा उघड्या जमिनीवर साधारण ४०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. तो क्षितिजाखाली ६ अंश गेला की उरतात साडेतीन लक्सच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सात स्टॉप गेले. विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशांत याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ध्रुवांकडे सरकाल तशी ही वेळ लांबते.

वीस-पंचवीस मिनिटांत सात स्टॉप, म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा होतो. तर त्या महागड्या दोन स्टॉपांनी तुम्हाला काय मिळालं? सहा-सात मिनिटं! एखाद्याच्या पोटापाण्यासाठी ती मिनिटं लाखमोलाची असतील, ते मी नाकारत नाही. पण "माझी लेन्स संध्याकाळी कामाचीच नाही" असं म्हणणाऱ्याने एवढंच ध्यानात घ्यावं की शेजारच्याची लेन्सही आणखी सात मिनिटांनी त्याच खड्ड्यात पडणार आहे.

मग मला शटर स्पीड किती मिळेल?

वरचेच आकडे धरून, उघडा माळ, स्वच्छ आकाश, आयएसओ (उजेडाबाबत कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ६४००, एफ/६.३: सूर्य टेकताना साधारण १/२५० सेकंद. सात मिनिटांनी १/६०. आणखी सात मिनिटांनी १/१५. ढग असतील, झाडी असेल, तर हे वेळापत्रक बरंच अलीकडे ओढलं जातं. दाट झाडाखाली सूर्यास्त घड्याळातल्या सूर्यास्ताच्या खूप आधी झालेला असतो.

हे तीन आकडे पाठ असले की काय सोडून द्यायचं ते आपोआप कळतं. उडत्या पक्ष्याला १/१००० च्या पुढे लागतं, तो खेळ सूर्य बुडण्याआधीच संपला. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं. स्तब्ध उभ्या प्राण्याला १/६० चालतं. त्याखाली फक्त दगड, झाडं आणि डोंगर, तेही वारा नसेल तर.

लेन्सला पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे. मग अडचण कसली?

अडचण समोरच्या प्राण्याची. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरथराट सावरतं, समोरच्याची मान सावरत नाही. ४०० मिमीला हातात धरून जुन्या नियमाप्रमाणे १/४०० लागायचं. पाच स्टॉप खरोखर मिळाले तर १/१३ पर्यंत उतरता येईल. पण पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. दमलेल्या हाताने, वाऱ्यात, गुडघ्यावर बसून त्यातले दोन-तीन स्टॉप पदरात पडले तरी मी खूश असते.

एक उदाहरण सांगते. पाण्याच्या कडेला राखी बगळा उभा होता, मी ४०० मिमी, एफ/५.६, १/६० वर. सगळ्यांना वाटतं बगळा पुतळ्यासारखा उभा राहतो. स्क्रीनवर फोटो पूर्ण मोठे करून पाहिले तर पाय आणि पंख लख्ख, गळ्यावरच्या काळ्या रेघासुद्धा मोजता येतील इतक्या स्पष्ट, आणि डोळा मात्र पुसटलेला. मान केसभर पुढेमागे होत होती, पाण्यातला मासा हेरत असावा. ओळीने घेतलेल्या पंधरा-सोळा फोटोंपैकी तिघांत डोळा टोकदार आला. दोष लेन्सचा नव्हता, स्टॅबिलायझेशनचाही नव्हता.

तेव्हापासून अशा वेळी एकेक फोटो न घेता चार-पाचची मालिका घेते. पहिल्या फोटोत बोट दाबल्याचा धक्का असतो, मधले बरे येतात. आणि प्राण्याच्या हालचालीतले थांबे शोधते. चरणारं हरीण डोकं वर काढून कान टवकारतं, तो एक क्षण ते दगडासारखं असतं. तेवढ्यासाठी बोट राखून ठेवायचं.

आयएसओ कमी ठेवून नंतर संगणकावर फोटो उजळवला तर नॉइज (फोटोतले दाणे) कमी येतो का?

हा गैरसमज मरता मरत नाही. नॉइज मुख्यतः कमी उजेडामुळे येतो, आयएसओच्या आकड्यामुळे नाही. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ ६४०० ऐवजी १६०० लावलात तर सेन्सरवर पडलेला उजेड तेवढाच राहतो. नंतर तो दोन स्टॉप ओढून काढलात की दाणे तेवढेच दिसतील, काही कॅमेऱ्यांत थोडे जास्तच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फायदा एकाच बाबतीत आहे. फ्रेममध्ये उजळ आकाश किंवा दिवा असेल तर कमी आयएसओ त्याचा तपशील जळू देत नाही. त्यासाठी मुद्दाम अंधारा फोटो घेणं समजू शकते. पण "आयएसओ ८०० च्या वर जायचंच नाही" या हट्टापायी १/२० वर हललेले फोटो घरी आणणं हा निव्वळ तोटा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

माझी मांडणी अशी: कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर मी ठरवणार, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा १२८०० वर. उजेड घसरेल तसा शटर एकेका पायरीने मीच खाली आणते. सगळंच कॅमेऱ्यावर सोडलं तर तो संध्याकाळची दुपार करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगणारी सोय) उणे ०.७ च्या आसपास. संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसली तर बिघडलं कुठे?

फोकस पुढे-मागे धावत राहतो आणि लागतच नाही. लेन्स बिघडली का?

बहुधा नाही. फोकस यंत्रणेलाही डोळ्यांसारखा उजेड आणि कडा लागतात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात उणे इतके ईव्ही (स्टॉपमध्ये मोजलेली उजेडाची पातळी) अंधारात फोकस होईल असं छापलेलं असतं, तिथे लेन्स कोणती धरली आहे तेही वाचा. २०२० साली आलेल्या कॅनन आर६ चा उणे ६.५ हा आकडा एफ/१.२ लेन्स धरून दिलेला आहे. तुमच्या एफ/५.६ मधून आत येणारा उजेड त्यापेक्षा साडेचार स्टॉप कमी. जाहिरात खोटी नाही, ती तुमच्या लेन्सबद्दल नाही इतकंच.

जुन्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) बहुतेक फोकस बिंदू एफ/५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बेतलेले असत, काही कॅमेऱ्यांत मधले बिंदू एफ/८ ला चालत. तेव्हा डीएसएलआर असेल तर अंधारात मधला बिंदू सोडून भटकू नका, तो सहसा सगळ्यांत तरबेज असतो. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत) फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही अडचण बरीच सैल झाली. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या थेट एफ/११ लेन्स काढल्या, आणि त्या ऑटोफोकससकट चालतात. दहा वर्षांपूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर मी हसले असते.

हाताशी असलेले उपाय म्हटले तर फोकस लिमिटरचं बटण लांबच्या टप्प्यावर ढकला, म्हणजे लेन्स जवळच्या टोकापर्यंत चक्कर मारून येणार नाही. बिंदू काळ्या अंगावर नको, अंग आणि पार्श्वभूमी यांच्या सीमेवर ठेवा, शिंग आणि आकाश जिथे भेटतात तिथे. प्राणी येणार ती जागा आधीच ठाऊक असेल तर उजेड असतानाच तिथल्या खुंटावर किंवा दगडावर फोकस करून ठेवा आणि शटरचं बटण दाबल्यावर फोकस हलणार नाही अशी सोय करा. कॅमेऱ्यावरचा मदतीचा छोटा दिवा मात्र बंद करा. तो काही पावलांपलीकडे पोचत नाही, पाखरं तेवढी उडवतो.

माझ्याकडे ७०-२०० एफ/२.८ आहे. ती वापरून फोटो कापावा की १००-४०० एफ/५.६ घ्यावी?

हा या यादीतला माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, कारण उत्तर बहुतेकांना पटत नाही. २०० ला २.८ ने भागा: ७१ मिमी. ४०० ला ५.६ ने भागा: ७१ मिमी. दोन्ही लेन्सची वाट सारखीच रुंद. दूरवरच्या त्या पक्ष्याकडून निघालेला उजेड गोळा करणारी खिडकी तीच असेल तर त्याच शटर स्पीडला पक्ष्याच्या वाट्याला येणारा एकूण उजेडही तोच. २०० ने काढलेला फोटो कापून ४०० एवढा केलात की सेन्सरचा चौथा हिस्सा उरतो आणि दोन स्टॉपांची चैन त्या कापण्यातच जाते. दाण्यांच्या बाबतीत दोघी बरोबरीत.

आता ३०० एफ/४ आणि ६०० एफ/६.३ बघा. ३०० ची वाट ७५ मिमी, ६०० ची ९५. एफच्या आकड्याने "स्लो" असलेली ६०० त्या छोट्या पक्ष्याकडून १.६ पट उजेड जास्त आणते! आयएसओचा आकडा वर दिसेल म्हणून घाबरू नका, पक्षी फ्रेममध्ये मोठा येतो म्हणून शेवटचा फोटो स्वच्छच दिसतो.

अर्थात विषय कापावा लागणार असेल तरच हा हिशेब. माणूस, हत्ती, झाड असं काही २०० मध्येच पुरेसं भरत असेल तर एफ/२.८ निर्विवाद पुढे. फोकस यंत्रणेलाही उघडी लेन्स जास्त मानवते. पण चिमुकल्या, लांबच्या विषयाला मिमी लागतात आणि तिथे स्लो लेन्सला उगाच हिणवलं जातं.

टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारं, पोहोच वाढवणारं भिंग) लावू का?

संध्याकाळी नको. १.४ पटीचा एक स्टॉप खातो, २ पटीचा दोन. एफ/६.३ च्या लेन्सचं एफ/९ किंवा एफ/१३ होतं, फोकस आणखी चाचपडतो. दुपारी लावा, पाच वाजले की पिशवीत टाका.

झूम थोडं मागे घेतलं तर काही मिळतं का?

मिळतं, आणि ते फुकट आहे. एफ/४.५-५.६ ची लेन्स आखूड टोकाला पाऊण स्टॉपच्या जरा आतबाहेर जास्त उघडते. शिवाय आखूड फोकल लेंग्थला हात कमी हलल्यासारखा दिसतो. म्हणून पक्षी हाताला लागत नसेल तर मागे या आणि त्याच्या भोवतीचं तळं, धुकं, झाडांची रांग फ्रेममध्ये घ्या. वर कापण्याबद्दल जे लिहिलं ते इथेही लागू आहे: मागे येऊन नंतर पक्षीच कापून काढायचा असेल तर काहीच कमावलं नाही. मागे यायचं ते वेगळा फोटो म्हणून.

कॅमेऱ्यावर झकास दिसणारे फोटो घरी काळे का निघतात?

कारण तुम्ही अंधारात उभे होता. डोळे अंधाराला सरावलेले असताना कॅमेऱ्याची स्क्रीन कंदिलासारखी भासते. स्क्रीनची चमक ऑटोवर असेल तर गोंधळ आणखी वाढतो. मी चमक एका पातळीवर बांधून टाकते आणि उजेड हिस्टोग्रामवर जोखते (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड). डोंगर सगळा डाव्या भिंतीला चिकटला असेल तर स्क्रीन काहीही म्हणो, फोटो अंधारा आहे.

नॉइज काढणारी सॉफ्टवेअर खरंच कामाची आहेत का?

हो. डीएक्सओचं डीपप्राइम २०२० मध्ये आलं, अडोबीने लाइटरूममध्ये डीनॉइज २०२३ मध्ये दिलं, आणि स्लो लेन्सवाल्यांचे दिवस पालटले. माझ्या नजरेला एक-दोन स्टॉप तरी परत मिळतात. त्यासाठी फोटो रॉमध्ये (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) काढलेले हवेत. मात्र हाताचा लगाम सोडला की पिसांचं प्लास्टिक होतं, आणि फोकस चुकलेल्या डोळ्याभोवती ही सॉफ्टवेअर कधीकधी नसलेल्या पापण्या रंगवतात. घसरपट्टी अर्ध्यावर ठेवून आधी डोळा आणि चोच तपासा.

ट्रायपॉड की मोनोपॉड?

जागा ठरलेली असेल तर ट्रायपॉड, फिरत असाल तर मोनोपॉड (एका पायाचा आधार), दोन्ही नसेल तर कुंपण, दगड, गाडीची खिडकी, काखेतली पिशवी. गाडीचं इंजिन बंद करा, त्याची थरथर १/३० ला फोटोत उतरते.

मैदानावर दिव्यांखाली सामना असेल तर?

तिथे उजेड मावळत नाही, पण लुकलुकतो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० असेल तिथे १२० वेळा. १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळा, असं झालं तर कॅमेऱ्यातला फ्लिकर रोखणारा पर्याय सुरू करा. तो शटर दिव्याच्या उजळ क्षणाशी जुळवतो. बाकी एफ/६.३ ने रात्रीचा वेगवान खेळ टिपणं हे खरोखर अवघड काम आहे, तिथे मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही.

चंद्रासाठी तरी फास्ट लेन्स लागेल ना?

मुळीच नाही. चंद्रावर लख्ख ऊन पडलेलं असतं, अंधार आपल्या बाजूला असतो. वर आलेल्या पूर्ण चंद्राला एफ/११ आणि शटर १ भागिले आयएसओचा आकडा हा जुना ठोकताळा आजही चालतो. म्हणजे एफ/८, आयएसओ ४०० ला १/८००. स्लो टेलीझूमला रात्री यापेक्षा सोपं गिऱ्हाईक नाही. डोंगर आणि चंद्र एकत्र हवे असतील तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. तेव्हा चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवलेला असतो आणि जमिनीवरही उजेड शिल्लक असतो.

उजेड गेल्यावर त्या लेन्सने काढावं तरी काय?

पाठमोरा उजेड आहे तोवर काळ्या आकृत्या काढा. एक्स्पोजर आकाशाला लावलं की शटर एकदम दोन-तीन स्टॉप वर येतो, कारण आकाश जमिनीपेक्षा कितीतरी उशिरा विझतं. बगळ्यांची माळ, तारेवरची पाखरं, टेकडीच्या कडेवरून जाणारा माणूस. आकृत्या एकमेकांत मिसळू नयेत एवढं पाहा, पाय सुटे दिसले पाहिजेत.

नाहीतर हालचालीलाच हाताशी धरा. १/३० वर सायकलस्वाराबरोबर किंवा थव्याबरोबर कमरेतून वळत राहा, फोटो घेतल्यावरही वळणं थांबवू नका. लेन्सवर आडव्या हालचालीसाठी वेगळा मोड असेल तर तो लावा. दहात एखादा जमतो, पण तो एक फोटो एफ/२.८ वाल्याने १/५०० ला काढलेल्या फोटोपेक्षा जास्त वेळ बघावासा वाटतो.

पुढच्या काचेबद्दल काही?

सूर्य खाली असताना यूव्ही फिल्टर काढून ठेवा, काचेवरच्या प्रतिबिंबाचे हिरवे ठिपके बरेचदा त्यातून येतात. हुड (लेन्सच्या तोंडावरचं, आडवा उजेड अडवणारं कडं) लावलेलाच असू द्या. हवा गार होताना काचेवर दव धरतं आणि आपल्याला वाटतं फोकस मऊ पडला. एकदा मी अर्धा तास मेनूत उलथापालथ करत बसले होते आणि पुढे काचेवर पाणी!

मग शेवटी थांबायचं कधी?

मी १/१५ ला थांबते. त्याखाली कॅमेरा बंद करते, पण लगेच उठत नाही. परवा अशीच बसले असताना घुबड समोरच्या खांबावर येऊन बसलं, फोटो निघण्याची सोय नव्हती. त्याची मान मागे वळलेली स्पष्ट दिसत होती, माझे डोळे त्या वेळी कुठल्याही एफपेक्षा फास्ट होते.